आईने आपलं पुण्य मुलाच्या नावे सोडलं तर ते त्याला मिळतं का?

मांजलपूरची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे, पण घरात त्यावर शांतपणे बोलणं होईना, म्हणून इथे लिहिते.

यजमानांना गेल्या वर्षापासून डायलिसिस सुरू आहे. दिवसाआड सकाळी जावं लागतं. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पहिल्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा होता, माझी किडनी घ्या. वय आणि मधुमेह बघून डॉक्टर नाही म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर देवापुढे बसल्या त्या रात्रीपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "किडनी चालत नाही ना, नको तर नको. एकादश्या तर चालतील? लग्न होऊन वडोद्याला दांडिया बाजारात आले तेव्हापासून एक चुकवलेली नाही. नर्मदेवर चांदोदला जाऊन उदक सोडते, सगळं पुण्य ह्याच्या नावे."

यांनी साफ नकार दिला. "आई, तुझी आयुष्यभराची पुण्याई मी घेऊ? पुढे तुला लागेल ती." झालं, तेव्हापासून मायलेकांत अबोला.

त्यात मामेसासरे भेटायला आले. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "गेल्या जन्मीचं काहीतरी असणार. फेडूनच जावं लागतं." सासूबाई आतच उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.

आत्म्याला काही चिकटत नाही असं गीतेच्या वर्गात ऐकत आले. मग पाप-पुण्य चिकटतं कुणाला? आणि एकाचं दुसऱ्याला देता येतं का? पोथ्यांत काय आहे आणि तुमच्या घरी काय झालं, दोन्ही लिहा.

रावपुऱ्याचा

बाकीचं जाणकार सांगतील. मामांना मात्र एवढं विचारा, गेल्या जन्मीचं त्यांना दिसतं का? आजाऱ्याच्या दारात उभं राहून असं बोलणं मला तरी या जन्मीचं पाप वाटतं.

पंचपात्री

आमच्या घरी भिक्षुकी आहे, म्हणून विधीपुरतं सांगतो. पुण्याचं उदक सोडणं ही जुनी रीत आहे, तुमच्या सासूबाईंनी मनाने काढलेली नाही. ताम्हण, पळी, पंचपात्री एवढं पुरतं. उजव्या तळहातावर अक्षता आणि तुळशीपत्र घ्यायचं, कोणत्या व्रताचं फळ कुणाला देते ते नाव-गोत्र घेऊन बोलायचं, 'न मम' म्हणायचं आणि पळीभर पाणी बोटांच्या टोकांवरून ताम्हणात सोडायचं. जिवंत माणसाला द्यायचं आहे म्हणून तीळ घ्यायचे नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडायचं नाही, ती पितरांची वाट. घाईत इथेच गोंधळ होतो.

चांदोदच हवं असं नाही. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वतीचा संगम म्हणून लोक तिथे जातात, पण बहुतेक श्राद्धासाठी. घरच्या देवापुढेही होतं.

कोरडा_विचार

मी पाप-पुण्य मानत नाही, तरी मनापासून लिहितो. मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव घातलंय का? नसेल तर आधी ते करा. शिवाय मधुमेह असलेल्या बाईने या वयात निर्जळी एकादशी करणं धोक्याचं आहे. पुण्य कुठे जातं माहीत नाही, साखर खाली जाते हे नक्की.

मांजलपूरची सून

@कोरडा_विचार, नाव घातलंय, वाट बघतोय. निर्जळी बंद केली, आता त्या राजगिरा, वरी वगैरे वेळेवर खातात.

ओटला

वरी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी... एकादशी अन् दुप्पट खाशी! आमच्या आजीची एकादशी असली की आम्ही नातवंडं शाळेतून धावत यायचो. त्या धावण्याचं पुण्य मी कुणालाही द्यायला तयार आहे. :)

जुनी_पोथी

ताई, पोथ्या या प्रश्नावर एकमताच्या नाहीत. म्हणूनच तुमच्या घरातले दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

यजमानांच्या बाजूने मनू आहे. जीव एकटा जन्मतो, एकटाच जातो, सुकृत एकटाच भोगतो आणि दुष्कृतही एकटाच, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. वाल्याच्या घरच्यांनी वाल्याला दिलेलं उत्तर तेच.

पण प्रजेच्या पुण्याचा आणि पापाचाही सहावा भाग राजाला मिळतो असं तोच मनू सांगतो. विन्मुख परत गेलेला अतिथी आपलं पाप घरमालकाला देऊन त्याचं पुण्य घेऊन जातो, हे वचनही तुम्ही ऐकलं असेल. कौषीतकी उपनिषदात तर याहून पुढची गोष्ट आहे. ज्ञानी माणूस देह सोडून जाताना पुण्य आणि पाप दोन्ही झटकून टाकतो. त्याचं पुण्य त्याच्या आवडत्या नातलगांकडे जातं, पाप नावडत्यांकडे. म्हणजे देण्याघेण्याची कल्पना नंतरच्या भटजींनी काढलेली नाही, ती उपनिषदाइतकी जुनी आहे.

तुमच्या घरचा प्रसंग वाचून मला ययातीच आठवला. गर्व केला म्हणून तो स्वर्गातून पडला. खाली त्याचे चार नातू होते, अष्टक, प्रतर्दन, वसुमना आणि शिबि. आजोबा पडताहेत हे पाहून एकेक जण पुढे होऊन म्हणतो, माझे पुण्यलोक घ्या. ययाती एकेकाला नाही म्हणतो. क्षत्रियाने दान घ्यायचं नसतं, जे मी आयुष्यभर केलं नाही ते आता कसं करू, असं त्याचं म्हणणं. आदिपर्वातली ही कथा. शेवटी पाच सोन्याचे रथ येतात आणि घेणारा-देणारे पाचही जण एकदमच वर जातात.

हीच कथा उद्योगपर्वात पुन्हा येते आणि तिथे ययाती घेतो. नातवांचं घेतो आणि मुलीचंही. माधवी वनात राहून तप करत असते, ती पुढे येऊन म्हणते, मी साठवलेल्या धर्मातला अर्धा घ्या. त्याच महाभारतात एकदा नकार, एकदा स्वीकार. ज्याने हे दोन्ही ठेवलं त्याला देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही मनं कळत होती असं मला वाटतं.

केळफूल

यजमानांची भीती निराधार नाही हो. सोमवती अमावास्येची कहाणी आठवा. सोमा परटीण आपल्या व्रताचं पुण्य देऊन त्या नवरीच्या नवऱ्याला उठवते, आणि इकडे तिच्या स्वतःच्या घरची माणसं जातात. कारण पुण्य देऊन टाकलं, आता पदरी उरलं काय? मग वाटेतच पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालते तेव्हा घर परत उभं राहतं. लहानपणी मला या कहाणीची भीती वाटायची. आई दुसऱ्या कुणाला काही देऊन बसली तर आमचं काय, असं वाटायचं.

रेवाकाठची

केळफूल, उलटी कथाही आहे. मार्कंडेय पुराणातला विपश्चित राजा. एका लहानशा चुकीमुळे त्याला क्षणभर नरक बघावा लागतो. तो निघायला लागतो तशी तिथली माणसं ओरडतात, थांबा, तुमच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आमचा दाह कमी होतो. तो म्हणतो, मग मी इथून हलत नाही. न्यायला आलेल्यांनी समजावलं, इंद्राने समजावलं, तरी ऐकेना. शेवटी आपलं पुण्य त्या सगळ्यांना देतो आणि ते सुटतात. इंद्र त्याला सांगतो की या देण्याने तुझी जागा आणखी वर गेली. सासूबाईंचं पुण्य संपेल की वाढेल याची काळजी यजमान करताहेत, त्यांना हा राजा सांगा.

कपिलाश्रम

मूळ प्रश्नातला आत्म्याचा भाग राहिला. त्याचं उत्तर आपल्या गुजरातेतल्याच एका मायलेकांच्या संवादात आहे. सिद्धपूरला आईच्या श्राद्धासाठी लोक जातात, मातृगया म्हणतात. ते का? तर तिथल्या बिंदुसरोवराकाठी कपिलाने आपल्या आईला, देवहूतीला, सांख्य सांगितलं अशी श्रद्धा आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात तो संवाद आहे. सगळीकडे बाप मुलाला किंवा गुरू शिष्याला सांगतो, इथे आई विचारते आणि मुलगा सांगतो.

कपिल सांगतो की पुरुष, म्हणजे आत्मा, काही करत नाही. करणारी प्रकृती. पण आत्मा तिच्या कामाला 'मी केलं' म्हणतो आणि तिथून अडकतो. पाप-पुण्य चिकटतं ते या 'मी केलं' म्हणणाऱ्याला. त्याला जीव म्हणा. मन, बुद्धी, अहंकार, इंद्रियांच्या शक्ती मिळून जो सूक्ष्म देह होतो, संस्कार त्यात राहतात आणि एका शरीरातून दुसऱ्या शरीरात तोच जातो. वारा फुलांवरून जाताना गंध घेऊन जातो तसं, असं गीतेच्या पंधराव्या अध्यायात आहे. पाचव्या अध्यायात तर भगवंत म्हणतात की विभू, म्हणजे सगळीकडे भरून असलेला तो, कुणाचं पापही घेत नाही आणि पुण्यही घेत नाही.

म्हणून गीतेच्या वर्गात ऐकलेलं आणि सासूबाई मानतात ते, दोन्ही खरं. आत्म्याला एकादशी लागत नाही. एकादशी करणाऱ्या सासूबाईंना लागते.

कोरडा_विचार

@कपिलाश्रम, मग सूक्ष्म देह माझा आणि पुण्य माझ्या सूक्ष्म देहात. ते पळीभर पाण्यातून दुसऱ्याच्या सूक्ष्म देहात कसं गेलं? बँकेतसुद्धा दोन खाती लागतात आणि मध्ये कारकून लागतो.

कपिलाश्रम

खात्याची उपमा सोडून द्या, तिनेच घोटाळा होतो. जीव एकमेकांपासून इतके तुटलेले असते तर श्राद्ध, आशीर्वाद, शाप, नवस, काहीच उभं राहिलं नसतं. 'मी'ची भिंत जिथे पातळ होते तिथून जातं, एवढंच मी सांगू शकतो. आई आणि मूल यांच्यात ती भिंत मुळात किती जाड असते?

शेजारचं_घर

आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे, तीस-चाळीस वर्षांचा घरोबा. त्यांच्याकडे देणं-घेणं अजिबात नाही. कर्म म्हणजे बारीक द्रव्यच, जिवाला चिकटतं आणि ज्याचं त्यानेच झाडायचं. पुण्यसुद्धा शेवटी बंधनच. मी मोटाबेनना तुमचा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, पुण्य देता येत नाही, पण दुसऱ्याने केलेल्या चांगल्याला मनापासून 'छान केलंस' म्हटलं की त्यानेही लाभतं. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींचं फळ असतं. मुलाने आईच्या एकादश्यांचं अनुमोदन करावं, म्हणजे आईचं कमी होत नाही आणि मुलालाही मिळतं. मला तोडगा आवडला. तेवढ्यात त्यांनी यजमानांसाठी खाकरे पाठवायचे म्हणून पत्ता मागितला. मीठ चालत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बिनमिठाचे करते.

मांजलपूरची सून

मोटाबेनना माझा नमस्कार सांगा. खरंच.

खंडेराव_मार्केट

अवांतर होईल, पण विषय वडोद्याचा आहे म्हणून. पुण्य मोजायचं की नाही, यावर विनोबांच्या घरी झालेली गोष्ट आहे. त्यांचं शिक्षण इथलंच. आईने देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता, रोज एकेक दाणा मोजून. वडील शास्त्रीय वृत्तीचे. म्हणाले, एक तोळ्यात किती दाणे बसतात ते मोज आणि त्या हिशेबाने वजन कर, थोडे जास्त घे म्हणजे कमी पडायला नको. आईला उत्तर सुचेना, तिने मुलाला विचारलं. विनू म्हणाला, हा गणिताचा हिशेब नाही, दाण्यादाण्यागणिक देवाची आठवण आहे. सासूबाईंच्या एकादश्या मला त्या तांदळांसारख्या वाटतात. त्यांनी मोजल्या त्या द्यायच्या म्हणून नाही, आणि आता द्यायची वेळ आली तेव्हा हातात तेवढंच आहे.

दुसरी गोष्टही त्याच घरची. धडधाकट भिकाऱ्याला आई भीक घालते म्हणून विनोबांनी गीतेतलं 'देशे काले च पात्रे च' ऐकवलं. तिने उलट विचारलं, पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारे आपण कोण?

रावपुऱ्याचा

आणि याच शहरात सयाजीरावांनी श्रावणातल्या दक्षिणेला परीक्षेची जोड दिली! शिकून या, परीक्षा द्या, मग दक्षिणा. राजाने पात्र बघायचं आणि आईने बघायचं नाही, दोन्ही बरोबर. राजाच्या हातात लोकांचा पैसा असतो.

केळफूल

पात्राचा विषय निघालाच आहे तर खुलभर दुधाची कहाणी हवी. राजा हुकूम सोडतो की सगळ्यांनी घरातलं सगळं दूध महादेवाला घाला. गावभरची मुलं उपाशी, वासरं उपाशी, आणि गाभारा काही भरत नाही. मग ती म्हातारी येते. घरातलं सगळं आवरून, मुलाबाळांना, लेकीसुनांना, वासरांना पोटभर घालून जे उरलं ते खुलभर दूध घेऊन. तेवढ्याने गाभारा भरतो. आपल्या बायकांनी श्रावणी सोमवारी पाटावर बसून पिढ्यान् पिढ्या सांगितलेलं पाप-पुण्य हेच. वासराच्या तोंडचं काढून देवाला घातलेलं देवाला पोचत नाही. ताई, तुमच्या सासूबाईंनी मुलाला जेवू घालून मग उपास केले ना? मग ते गाभाऱ्यापर्यंत पोचलेलेच आहेत.

जुनी_पोथी

केळफूल, सुरेख. ज्ञानेश्वरांचंही यात सांगणं आहे. नवव्या अध्यायात, पुण्य संपलं की स्वर्गातून परत यावं लागतं त्या श्लोकांच्या आसपास, ते स्वर्गाला नेणाऱ्या पुण्यालाही 'पुण्यात्मक पाप' म्हणतात. नरकाला नेतं ते पापात्मक पाप. देवाकडे नेतं तेवढंच शुद्ध पुण्य. स्वतःच्या पुढच्या सोयीसाठी साठवलेलं पुण्य आणि ते सगळं एका घोटात सोडायला निघालेली आई, यातलं शुद्ध कोणतं ते सांगायला नको.

मांजलपूरची सून

सगळं वाचून दाखवलं यांना, खुर्चीत बसल्या बसल्या चार तास मोकळेच असतात. ययातीवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईला सांग, मी घेतो. पण तिच्या शेजारी बसून मीही सोडणार. नोकरीतल्या वीस वर्षांत जी काही चार माणसांची कामं निरपेक्ष करून दिली त्याचं तिच्या नावे." सासूबाई म्हणाल्या, "मुलाने आईला द्यायचं ते मेल्यावर. आत्ता नको." यावर पुन्हा वाद, पण हसत. अबोला सुटला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. मामेसासऱ्यांचं बोलणं मुलीनेही ऐकलं होतं. आठवीत आहे. काल रात्री विचारते, बाबांनी लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधला होता असं ते सांगतात, म्हणून झालं का हे? मला उत्तर देता येईना.

जुनी_पोथी

तिला अणीमांडव्याची कथा सांगा, आजच सांगा. मांडव्य ऋषी मौन धरून बसलेले असताना चोरांनी त्यांच्या आश्रमात माल लपवला आणि राजाच्या माणसांनी ऋषींनाच सुळावर चढवलं. पुढे ते यमधर्माला जाब विचारतात, मी काय केलं होतं? धर्म म्हणतो, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी टोचली होतीस. तुमच्या लेकीने विचारलं तोच प्रश्न, तोच गुन्हा.

पण कथा तिथे संपत नाही. मांडव्य ते मान्य करत नाहीत, भडकतात. अजाण पोराच्या खोडीला एवढी शिक्षा? ते यमालाच शाप देतात की तू माणसाच्या जन्माला जाशील, आणि तो विदुर होऊन जन्मतो. आणि ऋषी नियम घालून देतात की चौदा वर्षांपर्यंत मुलांनी केलेलं पाप धरलं जाणार नाही. महाभारतातच आहे, आदिपर्वात. न्याय करणाऱ्या देवाचा हिशेब चुकला असं एक माणूस तोंडावर सांगतो आणि कथा माणसाच्या बाजूने उभी राहते. कर्माचा सिद्धांत मानणाऱ्या ग्रंथातच हे लिहून ठेवलंय. बाबांचा चतुर कधीच माफ झालाय म्हणावं. आणि मामांनाही ऐकवा, बसवून.

कोरडा_विचार

ही मलाही माहीत नव्हती. मुलीला हेही सांगा की किडन्या कशाने गेल्या ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. रक्तदाब, साखर, जे काही असेल ते. दोरा नाही.

मांजलपूरची सून

रक्तदाब. बरीच वर्षं कळला नाही. दोन्ही सांगते तिला. चांदोदचं ठरतंय, सासूबाईंना नर्मदाच हवी. डायलिसिसवर असताना नेताना काय बघायचं?

गरुडेश्वर_वारी

आमच्याकडे वडील डायलिसिसवर होते आणि टेंबे स्वामींच्या समाधीला गरुडेश्वरला दर्शनाचा नेम होता, म्हणून अनुभवाने लिहितो. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जा, दिवसभराचं काढू नका. फिस्टुलाच्या हाताने, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शिरा जोडून घेतलेल्या हाताने, पिशवी, कळशी काही उचलू द्यायचं नाही, त्या हातात घट्ट बांगडी किंवा गंडादोराही नको. घाटावर कुणी हौसेने बांधायला आलं तर दुसरा हात पुढे करा. फिस्टुला नसून मानेत नळी असेल तर नदीत स्नान अजिबात नाही, पाणी लागता कामा नये. पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, तेव्हा तीर्थ जिभेला लावण्यापुरतं. आणि मुख्य म्हणजे नारळपाणी आणि केळ्याचा प्रसाद कितीही आग्रह झाला तरी नको, त्यातलं पोटॅशियम या आजारात हृदयाला घातक. प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावून मुलीला द्यायचा.

पंचपात्री

अमावास्या टाळा. समोर करनाळीला कुबेर भंडारीच्या दर्शनाला त्या दिवशी अलोट गर्दी असते, घाटावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. साधी एकादशी घ्या, सासूबाईंनाही तीच पटेल. घाटाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. यजमानांना उतरवू नका, वर सावलीत पाटावर बसवून होतं. पाणी कळशीत भरून आणता येतं. आणि संकल्पात आजाराचं नाव, पापाचं नाव काही घालायची गरज नाही. कुणी घालायला सांगितलं तर नको म्हणा. आरोग्य, आयुष्य एवढंच म्हणायचं. मुलाने आईच्या नावे सोडायचं असेल तर आधी आईचं होऊ द्या, मग ताम्हणातलं पाणी तुळशीला घालून नवं घ्या.